घरचा माणूस शेवटी

कचेरीत त्याला सगळे रांगोबा म्हणत. आयुष्यभर तो एकाच गोष्टीचा विचार करत आला होता: रांगेत आधी कोण आणि मागून कोण. रांग माणसांची नव्हे, डिस्कची. डिस्क म्हणजे माहिती साठवणारी फिरती तबकडी. तिच्यावरून सरकणारा हात एकच आणि मागणारे ढीगभर. त्यात नोंदी सांभाळणारा डेटाबेस हे असं गिऱ्हाईक, की एका तोंडाने जुनं मागतं आणि दुसऱ्या तोंडाने नवं लिहून घ्या म्हणतं. कुणाला आधी सोडायचं हे मशीन चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. त्याच्या तीन रीती जुन्या, चालत आलेल्या. चौथी रांगोबाची. ती घडवता घडवता त्याच्या डोक्यावरचे केस गेले आणि बायकोचं बोलणं आटलं.

आता मात्र पदरात काहीतरी पडत होतं. चारही रीतींवर तोच डेटाबेस, तेच काम चालवून बघितलं, आणि दर खेपेला रांगोबाची रीत पुढे. निम्म्या वेळात काम फत्ते. विभाग बंद करायचं वर घाटत होतं, ते या मापांमुळे थांबलं. रीत टिकली तर विभाग टिकणार, नाहीतर रांगोबाला तक्रारींचे फोन उचलायला बसवणार, हे उघड होतं. बायकोने तर बहिणीला कळवूनही टाकलं. कित्येक वर्षांनी ती जेवताना हसली.

आता फक्त विभागप्रमुख बाईंची सही राहिली होती. बाई वयाने लहान, पण कामाला चोख. एक फेरी माझ्यासमोर चालवा, म्हणाल्या. त्याने त्यांना खुर्ची दिली आणि सर्वांत जुनी रीत लावली. मग दुसरी, मग तिसरी. बाईंनी सहज विचारलं, की तुमची नेहमी शेवटीच का?

"अहो बाई, घरचा माणूस शेवटी जेवतो," तो म्हणाला. "आधी पाहुणे."

बाई हसल्या. मग ते हसू हळूहळू मावळलं.

"मधे मेमरी रिकामी करता ना?"

रांगोबाने मधे मेमरी कधीच रिकामी केली नव्हती. एकदा डिस्कवरून उचललेलं मशीनच्या मेमरीत राहतं आणि पुढच्या वेळी आयतं मिळतं, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण दुसरी रीत पहिलीपेक्षा बरी, तिसरी त्याहून बरी, आणि आपली सर्वांत बरी, हे बघून त्याला वाटलं होतं, जुन्याहून नवं सरस, रीतच आहे जगाची. आपल्या रीतीत डिस्क खडखडत नाही, म्हणून तो लोकांना बोलावून ती शांतता ऐकवायचा. डिस्कला कुणी काही मागतच नव्हतं. पाहुण्यांनी राबून स्वयंपाक केला होता आणि घरच्याने बसून खाल्लं होतं.

"उलट्या क्रमाने लावून बघू," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

त्याने मेमरी रिकामी केली आणि आपली रीत पहिली लावली. डिस्क खडखडायला लागली. दर रीतीआधी त्याने मेमरी पुसली. एकदाही चुकला नाही. शेवटी मापं समोर आली. त्याची रीत सगळ्यांच्या मागे होती. नवं लिहून घ्यायचं काम तिच्यात ताटकळत राहायचं आणि सगळा डेटाबेस त्याच्यासाठी खोळंबायचा. पुढे होती ती सर्वांत साधी रीत, जो आधी आला तो आधी.

बाई म्हणाल्या, की सही तर आता होत नाही, पण वर मी सांगू का? तो म्हणाला, मीच सांगतो. तो गेला आणि सांगून आला. वरचे चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, की फोनच्या खोलीत खिडकीजवळची जागा चालेल का.

घरी बायकोने त्याचा चेहरा बघूनच ताडलं. त्याने सगळं सांगितलं, मेमरी, डिस्क, क्रम. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग इतकी वर्षं तुम्ही तिथे काय करत होता?"

टोमणा असता तर त्याने परतून काही सुनावलं असतं. पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली.