डावऱ्या हाताचे घाव

खड्ड्याच्या कडेवरचा टिकावाचा घाव डावीकडून उतरलेला होता... गंगारामने बोट त्या खाचेत घातलं, काढलं, पुन्हा घातलं. नाही, डावीकडूनच.

साल एकोणीसशे एकतीस. त्याच्या मुलीच्या बारशाला महिना झाला होता. तिला तिच्या आजीचं, माझ्या आईचं नाव ठेवू या, असं तो म्हणाला, तेव्हा घरच्या बायकांनी ‘पळपुटीचं नाव नको’ म्हणून तिचं नाव राही ठेवलं; आणि चिरे काढून हात दगडासारखे झालेला हा बाप खाली मान घालून बसला.

भाट्याच्या वरच्या सड्यावर, गावामागच्या उघड्या कातळमाळावर, जुन्या वस्तीच्या खुणा शोधत पुण्याचे एक मास्तर आले होते, खणायला गंगाराम. वस्ती निघाली ती एकतीस वर्षांपूर्वीच्या प्लेगाची. त्या वर्षी सारा गाव सड्यावर झोपड्या बांधून राहिला, आजारी माणसं मात्र या टोकाला, वेगळी. त्यांना पाणी पाजायला राहिलेली हौसा—गंगारामची आई—त्यांना तसंच टाकून खाडीपार पळाली, मेलेल्यांना कोल्ह्यांनी ओढलं... सहा वर्षांचा होता तेव्हापासून तो हेच ऐकत आलेला. आणि इथे तर ओळीने अकरा खड्डे! दहा उघडून झाले. माणसं उत्तरेला डोकं करून निजवलेली, बायकांच्या हाडांवर काकणं तशीच.

“सगळं एकाच माणसाचं काम दिसतं,” मास्तर म्हणाले.

“डावऱ्या माणसाचं,” गंगाराम म्हणाला.

डाव्या हाताने वाढू नको गो, म्हणून सगळे आईला टोकायचे, ती हसून पळी उजव्या हातात घ्यायची, पाठ वळली की पुन्हा डाव्यात—बाबा गेल्यावर त्यांचा टिकावही तिने त्याच हाताने उचलला; तिने काढलेला चिरा मी लांबून ओळखायचो...

“काय रे गंग्या, आयशीची पावलं शोधतोस काय?” बघायला आलेला म्हातारा केरूआबा काठीवर रेलून हसला. “शिमग्याच्या आदी आठ दिस गेली ती. अजून चालतेच आसंल!”

गंगाराम अकराव्या खड्ड्यात उतरला. खड्डा अर्धाच, घाव एका टोकाकडे उथळ होत गेलेले, शेवटचे तर नुसते ओरखडे. आत पाय पोटाशी घेतलेली एक बाई, कुशीत टिकावाचं गंजलेलं पातं. आणि तिच्यावर घाईघाईने लोटलेली माती, चार दगड.

“आबा, हिच्यावर माती कुणी लोटली?”

केरूआबाचं हसू विरलं. “मला काय ठावं? मी लांब होतो.”

“किती लांब?”

म्हातारा मुंडासं सोडून पुन्हा बांधू लागला. माती लोटणाऱ्याला ती पळाली नाही हे ठाऊक होतंच. गंगारामला वाटलं होतं, आता संताप येईल, आलाही थोडा. पण त्याच्याही वर काहीतरी छातीत चढत होतं. हा खडक! धडधाकट गड्याचा दिवस एका खड्ड्यात जातो. दहा खणले तिने. एकटीने, तापात...

मास्तरांनी वही उघडली. “हिचं नाव ठाऊक आहे?”

गावात जे नाव त्याने कधी मोठ्याने घेतलं नव्हतं, ते त्याने म्हाताऱ्याकडे बघत, सावकाश सांगितलं :

“लिवा. हौसा, धोंडू चिरेकऱ्याची बायको. एकोणीसशे साली, शिमग्याच्या आदी आठ दिवस, प्लेगानं, इथंच वारली.”