चावरी मतिल्दा

लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण ब्लाजेनानं नवऱ्याच्या सापांच्या खोलीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. मागच्या अंगणातले ससे तिचे, मागच्या खोलीतले साप त्याचे. तो सशांना पाला घालायला जायचा नाही आणि ती सापांकडे बघायचीही नाही. दोन राज्यांमध्ये सीमा असावी तशी स्वयंपाकघराच्या दारात त्यांची सीमा होती, आणि त्या सीमेच्या जोरावर संसार सुखाचा झाला असं गावात सगळेच म्हणत. गाव कियोव शहराच्या खालच्या अंगाचं. द्राक्षं, आलुबुखार आणि दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी, या तिन्हींचं पीक आमच्याकडे बारमाही.

वेंदेलीन हानाक म्हणजे तिचा नवरा. चावऱ्या सापांना माणसाळवणारा म्हणून पार ब्रनोपर्यंत त्याचं नाव होतं. कोणाचा अजगर फुत्कारायला लागला, हात लावू देईना, की तो पेटीत घालून वेंदेलीनकडे आणायचे. महिन्या-दोन महिन्यांनी तोच अजगर गळ्यात घालून न्यायचे. एप्रिलमध्ये अशीच मतिल्दा आली. सव्वादोन मीटरची, काळ्यावर पिवळी नक्षी, गालिचा अंथरावा तशी. तिच्या आधीच्या मालकानं तिला शेपटीला धरून ओढून काढायची सवय लावलेली, त्यामुळे पेटीचं दार उघडलं की ती मान वळवून हल्ल्याच्या पवित्र्यातच बसायची. वेंदेलीननं तीन आठवडे तिच्यावर काम केलं. चौथ्या आठवड्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला.

जुलैत तो इस्पितळातून घरी आला तो काठी टेकत. उजवा हात खांद्यापासून निकामी. साप पाळणाऱ्यांच्या मंडळातल्या मित्रांनी तोवर त्याचे नऊ साप आपापसांत वाटून घेतले होते. मतिल्दाला कोणी हात लावला नव्हता, कारण मंडळाचा अध्यक्ष रेहोर चिमट्यानं तिला खायला घालायला यायचा आणि दोनदा चावून घेऊन गेला होता.

"हे बघ, वेंदा," ऑगस्टअखेरीस रेहोर म्हणाला, "ब्रनोत एकजण तिला घ्यायला तयार आहे. हॉटेलात ठेवणार, काचेमागे, शोभेला. हात कोणी लावणारच नाही, मग चावेल कोणाला? सप्टेंबरअखेरच्या संत वात्स्लावच्या सणानंतरच्या शनिवारी घेऊन जातो."

वेंदेलीननं मान हलवली, पण रात्रीचं जेवण त्याला गेलं नाही. नऊ साप गेले ते त्यानं सोसलं होतं. हिला मात्र आपण अर्ध्यात सोडली, ही जन्मभर काचेमागे माणसाला शत्रू समजून बसणार, हे त्याला सोसेना. त्यानं तसं बोलून दाखवलं आणि बोलता बोलता त्याचे डोळे भरले. झटक्यानंतर त्याचं असं चटकन व्हायचं, त्याची त्याला फार चीड यायची.

ब्लाजेनानं ताट उचललं. "रडू नकोस. मला सांग काय करायचं ते."

"तू? तू तर त्यांना गांडुळं म्हणतेस."

"म्हणते. पण छत्तीस वर्षं तुला सांभाळलं ना? त्यापेक्षा अवघड काय असणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सशांना पाला घालून ती थेट आत आली. पेटीसमोरच्या खुर्चीत वेंदेलीन बसलेला. तिनं दार सरकवलं, हात आत घातला, आणि मतिल्दानं पापणी लवायच्या आत तिचं मनगट पकडलं. नुसतं पकडलं नाही, वेटोळंही घातलं.

वेंदेलीनच्या तोंडचं पाणी पळालं. भल्याभल्या गड्यांना त्यानं या क्षणी किंचाळून हात हिसडताना पाहिलं होतं. मग सापाचे दात मोडतात आणि माणसाची कातडी फाटते. ब्लाजेनानं हात तसूभरही हलवला नाही. ती फक्त पांढरी पडली.

"आता काय?" तिनं विचारलं.

"ओढू नकोस. फडताळातली बाटली घे. तिच्या तोंडाच्या कडेला दोन थेंब सोड. चव आवडत नाही त्यांना, सोडते."

"आलुबुखाराच्या दारूची? चार वर्षांपूर्वीची?"

"बाई, हात चाललाय तुझा, आणि तुला बाटली कुठली ते पडलंय!"

दोन थेंबांनी मतिल्दा सुटली. ब्लाजेनानं मनगट धुतलं, पट्टी बांधली आणि उरलेल्यातली पेलाभर स्वतः घेतली. "तिला थेंब, मला पेला," ती म्हणाली. "उद्या परत."

उद्या परत तेच. परवाही. तिनं हातमोजे घातले, मतिल्दा हातमोज्यांना चावली. चौथ्या दिवशी वेंदेलीननं हात टेकले. वाईट खोड आहे, जायची नाही, रेहोर बरोबर म्हणतो, असं तो दिवसभर बडबडत राहिला. खरं तर तो घाबरला होता. मतिल्दासाठी नव्हे, बायकोच्या हातांसाठी.

रविवारी ब्लाजेना चर्चला जायची म्हणून पहाटेच न्हाली. चांगला फ्रॉक घातला आणि निघण्याआधी, सहज, मतिल्दाचं पाणी बदलायला आत गेली. मतिल्दानं मान मागे घेतली, फुत्कारली, पण झेपावली नाही. उलट हात जवळ आला तशी ती कोपऱ्यात सरकली. ब्लाजेना वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. मग बाहेर येऊन नवऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून थांबली.

"वेंदेलीन हानाक, साप काय खातात?"

"उंदीर, घुशी. असा काय प्रश्न?"

"आणि ससे?"

"मोठे असतील तर ससेही... " तो थांबला.

"रोज सकाळी सशांच्या पिंजऱ्यातून उठून मी हिच्याकडे येते. आज नाही गेले. आज ही मला चावली नाही, घाबरली फक्त. चार दिवस हिला वाटत होतं, जेवण चालत आलंय!"

वेंदेलीन कपाळावर डावा हात मारून घेण्यापलीकडे काही करू शकला नाही. तीस वर्षं लोकांना शिकवत आला, सापाकडे जाताना हात धुवा, वास ओळखा. आणि स्वतःच्या घरात? दिव्याखाली अंधार. ससे म्हणजे बायकोचं खातं, त्यात त्यानं कधी नाकच घातलं नव्हतं, म्हणून वासही कधी नाकात शिरला नव्हता. गावातल्या कुठल्याही दुसऱ्या घरात नवऱ्यानं एकदा तरी सशांना पाला घातला असता आणि ही चूक झाली नसती. त्याला लाज वाटली, आणि तिचं इतकं कौतुक वाटलं की तिच्या प्रार्थनेला उशीर होतोय हेही तो विसरला.

त्या दिवसापासून ससे दुपारवर गेले. सकाळी साध्या साबणानं हात धुवायचे, वेंदेलीनचा तोच एक जुना सदरा घालायचा, म्हणजे मतिल्दाला वास ओळखीचा होईल. तो खुर्चीतून सांगायचा, ती करायची. वरून हात न्यायचा नाही, वरून घार येते. आधी कागदाच्या गुंडाळीनं अंगाच्या मध्यावर हलकंसं टेकवायचं, म्हणजे तिला कळतं की ही जेवणाची वेळ नाही. मग मध्यावरूनच उचलायचं, डोकं नाही, शेपटी तर मुळीच नाही. आवळायचं नाही. फुत्कारली तर हात मागे घ्यायचा नाही, पुढेही न्यायचा नाही.

हे सगळं वेंदेलीनला ठाऊक होतंच. पण ते असं करता येतं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तो स्वतः दहा मिनिटांत वैतागायचा. ब्लाजेना हात आत ठेवून अर्धा अर्धा तास उभी राहायची. सप्टेंबर चालू होता, आवारात तांब्याच्या कढईत मुरंब्यासाठी आलुबुखार आटत होते, आणि ज्या बाईनं चाळीस वर्षं दर सप्टेंबरात दिवसाचे दहा-दहा तास अशी कढई ढवळली तिच्या हाताला घाई म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. भरभर ढवळलं की हातावर उडतं, थांबलं की करपतं, एवढंच ती म्हणायची. उभी असताना ती मतिल्दाला गावातल्या बातम्या सांगायची. कोणाच्या सुनेनं कोणाला काय ऐकवलं, पाद्रीबाबांची गाडी कशी नाल्यात गेली.

"अगं, तिला तुझं ऐकू येत नाही," एकदा तो म्हणाला.

"तिच्यासाठी कोण बोलतंय? मी बोलते तेव्हा मी श्वास घेते. गप्प राहिले की श्वास धरून बसते, आणि ते तिला कळतं."

तीस वर्षांत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात मतिल्दानं पहिल्यांदा जीभ लपलपवत तिच्या कोपरापर्यंत चढाई केली. पुढच्या आठवड्यात खांद्यापर्यंत. खाऊ घातल्यावर दोन दिवस ब्लाजेना तिला हात लावायची नाही, आणि त्या दोन दिवसांत तिला चुकल्यासारखं व्हायचं, पण हे तिनं कबूल केलं असतं तर आकाश कोसळलं असतं.

ठरल्या शनिवारी रेहोर आकडा, जाड हातमोजे आणि कुलूपवाली पेटी घेऊन आला, तोही ठरल्या वेळेपेक्षा तासभर उशिरा. स्वयंपाकघरात फरशीचा गारवा होता. ब्लाजेना मुरंब्याच्या डब्यांशेजारी बसलेली आणि मतिल्दा तिच्या दोन्ही हातांवर पसरलेली.

"येशू मारिया!" रेहोर दारातच थबकला. "ही तीच?"

"तीच. तुला दोनदा चावलेली. पाय पूस आणि आत ये. हळू."

रेहोर हळू आला. अर्धा तास तो बघत राहिला, एकदा बोटानं स्पर्शही केला. मग त्यानं उसासा टाकला. "ब्लाजेना, टोपी काढली तुझ्यापुढे. पण तिला न्यावं लागेलच."

"का?"

"मंडळाचा नियम. दोन मीटरच्या वरचा साप असेल तर घरात दोन माणसांना तो हाताळता आला पाहिजे. एकाला काही झालं तर दुसरा हवा. तू एक. दुसरा कोण?"

"असला नियम कोणी केला?"

रेहोर टोपी चुरगळत वेंदेलीनकडे बघायला लागला.

"मी," वेंदेलीन म्हणाला. "मीच केला. आणि बरोबर आहे तो." त्यानं काठी पेटीकडे रोखली. "पेटी उघड, रेहोर."

ब्लाजेना उठली. पण पेटीकडे गेली नाही, नवऱ्याशेजारी बाकावर येऊन बसली.

"नको," तो म्हणाला. "या हाताचा भरवसा नाही. कधीतरी आपोआप झटका देतो. ती घाबरली तर पाच आठवड्यांचं सगळं पाण्यात जाईल."

"श्वास घे."

"ब्लाजेना..."

"बोल काहीतरी. पाद्रीबाबांच्या गाडीचं सांग."

तो सांगायला लागला. मतिल्दानं तिच्या हातावरून मान पुढे काढली, त्याच्या मांडीवर उतरली, थांबली, आणि मग नेमक्या त्या उजव्या हातावर चढली. मनगटावरून, कोपरावरून, सावकाश. गाडी नाल्यात जाऊन बाहेरही आली, पाद्रीबाबांचे कपडे वाळले, तरी हात हलला नाही. मतिल्दानं त्याच्या अर्धवट मिटलेल्या पंजात डोकं ठेवलं.

"आता डाव्या हातानं उचल," ब्लाजेना म्हणाली. "मध्यावरून. वरून नको."

त्यानं उचललं. मतिल्दानं उचलू दिलं. त्यानं परत खाली ठेवलं, तर ती त्याच पंजात परत जाऊन बसली. रेहोरनं रिकाम्या पेटीला कुलूप घातलं.

वेंदेलीन आपल्या उजव्या हाताकडे बघत होता, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. "गार आहे का गं ती?" त्यानं विचारलं. "मला या हाताला काही कळत नाही."

ब्लाजेनानं त्याच्या पंजात आपली बोटं सरकवली, मतिल्दाच्या पोटाखाली, आणि जरा वेळ तशीच ठेवली.

"मघाशी गार होती," ती म्हणाली. "आता ऊब धरलीय. तुझ्या हाताची."