आधी हात

औषधं घेऊन सूनबाई घरात शिरली, तर स्वयंपाकघरात नळ धो धो वाहत होता. नवरा कालच दवाखान्यातून घरी आला होता. नवी किडनी टिकावी म्हणून त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी पार दाबून टाकलेली. "साधे जुलाबही महागात पडतील," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून सूनबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. बसली की उठायची, उठली की ओटा पुसायची.

नळाखाली सासूबाई मन लावून चिकन धूत होत्या. शेजारीच नवऱ्याचा पेला उपडा घातलेला होता.

"आई! अहो, कच्चं चिकन धुवायचं नाही, कितीदा सांगितलं! शिंतोडे सगळीकडे उडतात. जंतू धुवून जात नाहीत, नीट शिजवल्यावरच मरतात."

"जन्मभर धुवूनच घातलंय त्याला. तेव्हा नाही काही झालं?"

"तेव्हा ते धडधाकट होते!"

सासूबाईंचा चेहरा पडला. त्यांनी नळ बारीक केला, साबण घेतला आणि हात धुऊ लागल्या. सूनबाईला वाईट वाटलं, पण एकदा सुटलेला तोंडाचा पट्टा आवरतोय कुठे! बोलता बोलता तिने तुकडे उचलून डब्यात कोंबले, झाकण लावलं, डबा फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवला. ओट्यावरची चिरलेली काकडी कचऱ्यात गेली. "आणि अंडंही घट्ट उकडायचं. पातळ बलक आवडतो म्हणून लाड नकोत."

तेवढ्यात आतल्या खोलीतून ठसका ऐकू आला. गोळी घशात अडकली असावी.

"पाणी!"

सूनबाईने कपाटातला पेला उचलला, भरला आणि धावली. दारात सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

"आधी हात."

तिने खाली पाहिलं. बोटं अजून चिकट होती. पेल्याच्या काठावरही ओशट ठसा उमटला होता, नेमका नवऱ्याचे ओठ लागले असते तिथे.

सासूबाईंनी दुसरा पेला भरला आणि आत गेल्या. सूनबाई साबणाने हात चोळत राहिली. ठसका थांबला, तसं तिला रडूच फुटलं. ती डोळे पुसायला हात वर नेणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"रड हवं तेवढं, पण फेस डोळ्यांत घालू नकोस," सासूबाई म्हणाल्या आणि आपल्या कोरड्या हाताने त्यांनी तिचे डोळे पुसले.