डाव्या काखेतला थर्मास

मित्रांनो, डोंगर, बर्फ आणि माणूस यांना एकत्र धरून ठेवणारी शक्ती या जगात एकच आहे, आणि ती मी आहे. मी एक जुना थर्मास आहे. माझे बूच नीट बसत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला दोन भिंती आहेत आणि त्यांच्या मध्ये काहीही नाही, हवासुद्धा नाही. त्या काहीच नसण्यावर माझे सगळे कर्तृत्व उभे आहे. मोठ्या पदांवरच्या पुष्कळ माणसांचेही असेच असते म्हणतात. पण त्यांच्यात पाणी गरम राहत नाही.

पायसांदू गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून विल्मार ओलिवेराने मला आणले आणि दुकानातच डाव्या काखेत धरले. उरुग्वेत माणसाला डावा हात असतो तो याचसाठी. काखेत थर्मास, मुठीत भोपळ्याची वाटी, वाटीत येर्बाचा कडू पाला आणि पाल्यात खुपसलेली नळी. माझ्यातले गरम पाणी पाल्यावर ओतायचे आणि नळीने ओढायचे. विल्मार असाच कचेरीत गेला, असाच मतदानाला गेला. त्याच्या लग्नाच्या फोटोतही मी आहे. बायको ग्रिसेल दुसऱ्या बाजूला आहे.

दरवर्षी जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीच्या सुट्टीत, आम्ही गाडीने दोन दिवस जाऊन दक्षिणेतल्या एका डोंगरावर पोहोचत असू. तिथे विल्मारचा जुना मित्र ओस्वाल्दो रोसारियोहून सहकुटुंब येई. दोन कुटुंबांत मिळून एक लाकडी घर घेतलेले असे. आमच्या गल्लीतली सर्वांत उंच जागा म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी, त्यामुळे तो डोंगर मला पहिली दोन वर्षे खरा वाटला नाही.

सकाळी मला खिडकीत ठेवत. खालच्या तळ्यावरून धुके उठे आणि झोपेत चालणाऱ्या माणसासारखे हळूहळू वर येई. रोपवेच्या खुर्च्या माणसे घेऊन त्या धुक्यात शिरत आणि रिकाम्या परत येत, जणू वर कोणी त्यांना जेवायला ठेवून घेत होते. फक्त एक खुर्ची भरलेली परत येई. तिच्यात पिलार असे.

पिलार ही विल्मारची मुलगी, दहा वर्षांची. ती वर जाई, पायांत स्की अडकवी, उताराकडे बघे आणि खुर्चीत बसून खाली येई. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी दोन्ही घरची माणसे वरून एकत्र घसरत उतरत आणि पायथ्याशी बसून येर्बाची शेवटची फेरी होई. वाटी एकच, पाळीपाळीने सगळ्यांना. पिलारला कोणी नको म्हणत नसे. तीच उठून लांब जाऊन बसे. असे तीन वर्षे चालले.

चौथ्या वर्षी, शेवटच्या सकाळी, खुर्चीत हातमोजे घालताना विल्मारने मला क्षणभर तिच्या मांडीवर ठेवले. ती माझ्या बुचाशी तोंड नेऊन पुटपुटली, "आज नाही जमलं तर पुढच्या वर्षी मी येणारच नाही. आजीकडे राहीन."

मी ते आत ठेवले. ठेवणे मला जमते.

वर धुके दाट होते. ओस्वाल्दो विल्मारला म्हणाला, "अरे, तुला काठ्या दोन दिल्यात. दुसरी काय सासऱ्यासाठी?"

"हात रिकामा नाही."

"वीस वर्षं झाली. डॉक्टरला दाखव की तो हात."

"दाखवला. त्याच्याही काखेत थर्मास होता."

ओस्वाल्दोची मुलगी रेनाता पिलारच्या वयाची. ती म्हणाली, "पिली, याही वर्षी खुर्चीतूनच का?"

"बघते."

"चार वर्षं बघतेच आहेस. आता तोंडपाठ झाला असेल उतार."

"रेनाता, तू आधी नाक पूस," ग्रिसेल म्हणाली.

पिलारने उताराकडे पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. मग म्हणाली, "बाबा, मी खुर्चीनेच जाते."

विल्मारने तिला जवळ घ्यायला हात पसरले. मित्रांनो, दोन्ही.

मी पडलो. आवाजसुद्धा झाला नाही. मग मी निघालो. आकाश, बर्फ, आकाश, बर्फ. दोन्हींचा रंग एकच, त्यामुळे मी खाली चाललो आहे की वर, हे कळेना. आयुष्यभर मी जग काखेतून पाहिले होते, म्हणजे मुख्यतः स्वेटर. आता आतले पाणी स्वतःशीच गुणगुणत होते आणि मला कोणीही धरलेले नव्हते. इतके हलके मला कधी वाटले नव्हते. शिवाय मी गळतही होतो.

वरून ओस्वाल्दोचा आवाज आला, "गेला. शेवटची फेरी गेली, विल्मार."

आणि मग माझ्या मागे खर्र खर्र सुरू झाले. स्कीची टोके जुळवून, गुडघे वाकवून पिलार येत होती. धुक्यात मी तिला दिसत नव्हतो. पण माझ्या बुचातून गरम पाण्याचे थेंब पडत होते, बर्फाला भोके पडत होती आणि प्रत्येक भोकातून जराशी वाफ निघत होती. ती उताराकडे बघत नव्हती. एका वेळी एकच भोक बघत होती. दोनदा पडली, दोनदा उठली. पायथ्याच्या जाळीला मी अडकलो तिथे येऊन थांबली, मला उचलून कानाशी हलवले आणि म्हणाली, "आहे थोडं."

मागून सगळे आले. रेनाता म्हणाली, "उतरलीस की गं."

"उतरले कुठे? थर्मास आणायला आले."

विल्मारने मला घ्यायला हात पुढे केला. पण मी तिच्या डाव्या काखेत होतो.

"बाबा, वाटी दे."

त्याने दिली. ओतणाऱ्याने पहिली वाटी स्वतः प्यायची असते. तीच सर्वांत कडू. पिलार ती प्यायली आणि तिने तोंड वाकडे केले नाही, निदान फारसे नाही. पाणी जेमतेम सगळ्यांना पुरले. विल्मारचा डावा हात मात्र त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तसाच वाकलेला होता. आत काही नव्हते.

आता माझ्या पोटाला पोचा आहे. घरात बटण दाबायचा नवा थर्मास आला आहे आणि मी पिठाच्या डब्यामागे असतो. पिलार मोठी झाली. जुलैत निघताना ती फळीपाशी येते, पोच्यावरून बोट फिरवते आणि नव्याला घेऊन जाते. मला राग नाही. डोळे मिटले की, म्हणजे मला डोळे नाहीत, पण मिटले की, मी अजून त्या पांढऱ्यातून घरंगळत असतो आणि मागे खर्र खर्र येत असते.

म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तूंना टाकून देऊ नका. त्यांच्या पोटात कोणीतरी कधी काही ठेवलेले असते आणि ते अजून गरम असते. तुमच्यापैकी कोणी पायसांदूला गेलात, तर पिठाच्या डब्यामागे हात घाला आणि माझे बूच तेवढे काढून ठेवा. बंद राहिले की आत वास येतो.