ऑल्फ ट्रेगेन्झाचा परवाना

जगाच्या पाठीवर ऑल्फ ट्रेगेन्झाइतका उंच उडून कोणीही झेल घेतलेला नाही. जग म्हणजे मेलबर्नजवळचं आमचं वॅटल क्रीक आणि रेल्वे फाटकापलीकडचं ब्रॅनिगन टाउन. आमच्या इकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातानेही झेलतात, वेळ पडली तर दुसऱ्याच्या खांद्यावर चढून.

१९०९ च्या मोसमात आमच्या फुटबॉल क्लबाने त्याला एकदाही मैदानात उतरवलं नाही. तिशी उलटलेली, पायात फार तर अजून एक वर्ष. ब्रॅनिगन टाउन त्याला आनंदाने घेणार होतं. पण आपल्या क्लबाने परवाना दिल्याशिवाय खेळाडूला दुसरीकडे खेळता येत नाही. म्हणून ऑल्फ कमिटीपुढे उभा राहिला.

"परवाना मिळणार नाही," सेक्रेटरी ओगिल्वी म्हणाले. त्यांचं मटणाचं दुकान होतं.

"मग मला खेळवा."

"म्हातारा झालास रे बाबा. आता कुठलं उडतोयस!"

"मग जाऊ द्या की मला!"

"आणि तिकडून आमच्याच पोरांच्या खांद्यावर चढून झेल घेशील! आम्ही काय खुळे आहोत?"

ऑल्फने टेबलावर मूठ आपटली. "तुमच्याकडून खेळायला म्हातारा, आणि तुमच्याविरुद्ध खेळायला तरणाबांड? ह्या क्लबापायी नाक मोडलं, बरगड्या मोडल्या. माणूस आहे मी, ओगिल्वीसाहेब! तुमच्या दुकानात टांगलेला मेंढा नाही. आणि मेंढासुद्धा तुम्ही सडेपर्यंत ठेवत नाही!"

कमिटीतले सगळे आपापले बूट निरखू लागले.

"झालं बोलून?" ओगिल्वींनी शांतपणे विचारलं. "मग एक काम कर. तुझ्याकडची क्लबाची जर्सी तेवढी धुऊन पाठव. नव्या पोराला ती बसेल."