हिरवा चुडा दाराबाहेर

श्रद्धाची लेक दिवस भरायच्या आधीच आली. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवलेली. तोंडात नळी, नळीतून यंत्राचा श्वास. रडायची तेव्हा चेहरा नुसताच आक्रसायचा. नळीने आवाजाची वाटच अडवलेली.

सकाळी डॉक्टर कल्याणी बाहेर आल्या. "आज नळी काढू. तोंडातले जंतू नळीवरूनच छातीत उतरतात. ती जितकी राहील तितकी न्यूमोनियाची भीती. झोपेचं औषध कमी केलंय, पण जागी झाली की या छोट्या बाई हातपाय झाडतात. नळी मध्येच निसटून परत घालावी लागली, तर धोका आणखी वाढेल. तोवर शांत धरायला आईचे हात हवेत."

श्रद्धा बेसिनपाशी गेली. सिस्टर प्रियदर्शनींनी तिच्या मनगटांकडे पाहिलं. डोहाळेजेवणाला सासूबाईंनी भरलेला हिरवा चुडा.

"हा काढावा लागेल."

"बाळ घरी येईपर्यंत काढू नको म्हणाल्यात सासूबाई. कोपरापर्यंत नीट धुते ना."

"बांगडीखाली साबण पोचत नाही. जंतू पोचतात. त्यांना पत्ता विचारावा लागत नाही."

श्रद्धाने मागे पाहिलं. नवरा कंपनीच्या कामाला अमेरिकेत. सोबतीला मालनबाई, तिच्या सासूबाई. नातीला एकदा हात लावायचा म्हणून अकोल्याहून रात्रभर गाडीत बसून आलेल्या. श्रद्धानंतर आत जायची पाळी त्यांचीच.

"काहून थांबली वं?"

"चुडा काढायला सांगतायत, आई."

मालनबाई पुढे झाल्या. सुनेचा सुजलेला हात त्यांनी साबणाच्या फेसात घेतला. "अंगठा आत दुमड. हात ढिला सोड." वेलीवरून पान खुडावं तशी एकेक बांगडी अलगद उतरली, आणि उतरली तशी मालनबाईंच्या हातात चढली.

"पण चुडा घालून तुम्हाला आत..."

"मी कोठी पळून चालली? चुडा घरातल्या हातातच हाय. तुह्या नाही तर माह्या. जाय."

आत, उशाकडून उंच केलेल्या गादीवर श्रद्धाने एक तळवा लेकीच्या डोक्यावर ठेवला, दुसरा पावलांना लावला. चिमुकली पावलं तळव्यात रुतली, आणि झाडणं थांबलं.

बाहेर बाकावर मालनबाई आपल्या भरड्या आवाजात गुणगुणत होत्या. जात्यावर बसल्यासारखं अंग पुढेमागे.

*उसना गं वारा, देऊन टाक माघारी,*
*तुह्या गळ्याचा सूर, धाड माह्या दारी.*

मग दारामागून काहीतरी आलं. बारीक, खरखरीत, पहिल्यांदाच फुंकलेल्या पिपाणीसारखं. मालनबाईंनी किणकिण थांबावी म्हणून एका हाताने दुसरं मनगट धरलं आणि ऐकत राहिल्या.

सिस्टरांनी दार किलकिलं केलं. "ऐकलंत का आजी? निघाली नळी. श्वास छान घेतेय."

"ऐकलं. आवाज घोगरा हाय."

"नळीने घसा सुजतो. होईल नीट."

"असू द्या," मालनबाई म्हणाल्या. "माह्यावर गेली."