गुडघ्याची गोळी

मावशीचं उभं आयुष्य तरणतलावाच्या काठावर, पोरांना पोहायला शिकवण्यात गेलं. आवाज असा की पाण्याखालच्यालाही ऐकू जावा. पुढे गुडघे गेले, हृदयाचे ठोके चुकायला लागले, तेव्हा मुलाने तिला वृद्धाश्रमात ठेवलं. मुलगा स्वभावाने गार, नातेवाईक त्याला थंड्याच म्हणत. नेमाने भेटायला यायची ती भाची. ती बस चालवायची, आणि इंजिनाआधी हिचंच डोकं तापतं असं डेपोतले लोक म्हणायचे.

त्या दुपारी मावशीला स्वेटर चढवताना भाचीचा हात थांबला. दंडापासून कोपरापर्यंत काळेनिळे डाग होते. कुणी जोरात धरलं का, असं तिने विचारलं. धरलं असतं तर मी सोडलं असतं का, असं मावशी म्हणाली. डाग आपोआप उठत होते. दात घासताना हिरड्यांतून रक्तही यायचं. तिने तक्रार केली, तेव्हा तिला मऊ ब्रश आणून दिला होता.

ठोक्यांसाठी मावशीला रक्त पातळ करायची गोळी चालू होती. ती सुरू करताना हृदयाच्या डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून बजावलं होतं: न विचारता दुखण्यावरची कुठलीही गोळी घ्यायची नाही, आणि रक्त किती पातळ झालंय ते नियमित तपासायचं.

"नवीन काही सुरू केलंय?" भाचीने विचारलं.

"गुडघ्याची लाल गोळी. छान आहे. परवा जिना चढले मी."

रक्त शेवटचं कधी तपासलं, हे मावशीला आठवेना.

आश्रमाच्या व्यवस्थापिका आपल्या खोलीत चहा पीत होत्या. उतारवयात कातडी नाजूक होते, त्यांनी हसत समजावलं. गोळी आश्रमाच्याच डॉक्टरांनी दिली होती, तपासणीवाला पुढच्या आठवड्यात येणारच होता. दोन्ही गोळ्या एकत्र चालतात का, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं का, एवढंच भाचीने विचारलं. त्यावर व्यवस्थापिका म्हणाल्या, की इथे सगळ्यांचं व्यवस्थित बघितलं जातं. भाचीच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

तिने थंड्याला फोन लावला. उगाच वाद नको, अशी जागा पुन्हा मिळणार नाही, बाहेर न्यायला माझी सही लागते आणि मी कामात आहे, असं तो एका सुरात म्हणाला. तिने फोन ठेवला आणि मावशीला सरळ चाकाच्या खुर्चीत बसवलं. फाटकावर रखवालदाराने अडवलं. मुलाची सही नाही, तो म्हणाला.

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. "सही त्याची, रक्त माझं. उघड."

त्याने फाटक उघडलं.

इस्पितळात तपासणाऱ्या डॉक्टरीण बाईंनी शौच कसं होतं ते विचारलं. काळं, डांबरासारखं, मावशी म्हणाली. ती खाण्यातली काहीतरी गडबड समजत होती. बाईंचा चेहरा बदलला. रक्त हवं त्याच्या कितीतरी पलीकडे पातळ झालं होतं, आणि गुडघ्याच्या गोळीने जठराला जखम केली होती. पोटातल्या पोटात रक्त वाहत होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर, एवढं बोलून बाई थांबल्या. लगेच रक्त घट्ट करायचं इंजेक्शन दिलं, बाटलीतून रक्त चढवलं. भाची बाहेरच्या बाकावर मुठी आवळून बसून राहिली. रडू येत नव्हतं. कुणाला तरी धरून हलवावंसं वाटत होतं.

मावशी वाचली, पण निम्मी झाली. परत आल्यावर व्यवस्थापिकांच्या खोलीत बैठक बसली. थंड्याही आला. थोडा समन्वय कमी पडला, व्यवस्थापिका म्हणाल्या. थंड्याने मान डोलावली. भाचीचा बांध फुटला. समन्वय कमी पडत नाही, माणूस मरतो, ती म्हणाली. तुम्ही ब्रश बदललात! थंड्या तिला गप्प बसवायला लागला. तेवढ्यात मावशीने टेबलावर थाप मारली.

"माझ्याबद्दल मला वगळून बोलू नका. मला जेवणाच्या खोलीत न्या."

सगळे जेवायला जमले होते. मावशीचा आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता, तरी शेवटच्या टेबलापर्यंत पोचला. रक्त पातळ करायची गोळी कोण कोण घेतं, तिने विचारलं. बरेच हात वर झाले. त्यातलं गुडघ्याची लाल गोळी कोण घेतं? काही हात खाली गेले, काही तसेच राहिले. दाराजवळ भिंतीला टेकून बसलेल्या एका आजोबांनी तर वर केलेल्या हाताची बाही मागे सारून काळा डाग दाखवला.

व्यवस्थापिका दारात उभ्या होत्या. त्यांचं हसणं पहिल्यांदा पुसलं गेलं.

संध्याकाळच्या आत सगळ्यांचं रक्त तपासायला गेलं. आजोबांना त्याच दिवशी इस्पितळात हलवलं. आश्रमाचे डॉक्टर बदलले. कुठलीही नवी गोळी आता आधी हृदयाच्या डॉक्टरांना आणि ज्याची त्याला सांगितल्याशिवाय देत नाहीत. माफी मात्र कुणीच मागितली नाही.

आता तरी शांत हो, थंड्या परतताना भाचीला म्हणाला. ती त्याच्याकडे पाठ फिरवून बसथांब्याकडे चालायला लागली.